राखाडी ठोकळ्यातलं गाव

"गावठाणाचा एकच ठोकळा उचल, तीन मीटर उंची दे आणि वर थोडी झाडं लाव," सर म्हणाले.

"त्या ठोकळ्यात माझं घर आहे," मी म्हटलं.

सर हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग माझ्या तोंडाकडे बघून ते हसायचे थांबले आणि म्हणाले, "ते ठीक आहे गं, पण डेटामध्ये घरंच नाहीत. नसलेलं दाखवणार कुठून?"

दोन हजारचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचं ऑफिस खांदा कॉलनीत होतं, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तीन टेबलं, तीन कॉम्प्युटर आणि उन्हाळ्यात स्वतःच गरम होणारा एक कूलर. आर्किटेक्ट आणि रस्ते आखणारे सल्लागार आम्हाला सपाट नकाशे द्यायचे आणि आम्ही त्यांची उभी, चहूबाजूंनी फिरवून बघता येणारी मॉडेल्स करून द्यायचो. टेकडी टेकडीसारखी दिसायची, इमारत इमारतीसारखी. मिटिंगमध्ये पडद्यावर ते फिरवलं की माणसांना जागा कळते. नुसत्या रेषा बघून फार थोड्यांना कळते.

हे काम मी कोणाकडून नीट शिकले नव्हते. डिप्लोमा केला होता ड्राफ्टिंगचा. पहिल्या मुलाखतीत एका गृहस्थांनी माझं आडनाव ऐकलं, गाव विचारलं आणि म्हणाले, "तुम्हा गाववाल्यांना कशाला नोकऱ्या लागतात? जमिनीचे पैसे मिळाले ना?" मी फाईल उचलली आणि त्यांना सांगितलं की नव्या शहरासाठी सरकारने जमीन घेतली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, आणि नोकरी मला हवी आहे, माझ्या आजोबांना नको आहे. ती नोकरी अर्थात मिळाली नाही. खांदा कॉलनीतल्या सरांनी मात्र आडनाव न विचारता कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हणाले, हा नकाशा मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन दाखव.

मला तो नेता आला नाही. म्हणजे गेला, पण अख्खं पनवेल नखाएवढं होऊन एका कोपऱ्यात पडलं. नकाशा अक्षांश-रेखांशाच्या अंशांमध्ये होता आणि त्या सॉफ्टवेअरने अंशांना मीटर समजून घेतलं होतं. ते सुधारलं तर टेकड्या झोपल्या. उंचीच्या रेषा आल्या, पण प्रत्येक रेषेमागच्या तक्त्यात लिहिलेली उंची वाटेतच गळाली. ती परत चढवली, तर नकाशा मॉडेलच्या शून्य बिंदूपासून इतका लांब जाऊन बसला की कॅमेरा फिरवला की इमारती थरथरायच्या. तेव्हा कळलं की आधी सगळा नकाशा उचलून शून्याजवळ आणून ठेवायचा असतो आणि किती सरकवला ते लिहून ठेवायचं असतं. सर मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "उद्यापासून ये."

तर त्या सरांबद्दल माझी तक्रार नव्हती. माणूस चांगला होता. फक्त त्या दिवशी ते चुकीचं सांगत होते आणि मी ऐकणार नव्हते.

काम होतं एका नव्या रस्त्याचं. खारघरच्या बाजूला टॉवर उठत होते आणि तिथून हमरस्त्याला जोडणारी वाट हवी होती. सल्लागारांनी पाठवलेल्या नकाशात प्रत्येक सेक्टर, प्रत्येक प्लॉट, न बांधलेल्या इमारतींचे मजलेसुद्धा होते. अजून पायाही न खणलेले टॉवर मॉडेलमध्ये ताठ उभे राहिले. आणि आमचं गाव, जिथे माझ्या आजोबांच्याही आधीपासून माणसं राहत होती, ते एका बंद रेषेच्या आत एक राखाडी तुकडा होतं. त्यावर फक्त 'गावठाण' लिहिलेलं. त्या तुकड्याच्या बाहेर गावाची वाढलेली घरं तर कुठेच नव्हती. भाऊ वेगळे झाले, मुलांची लग्नं झाली, तशी लोकांनी आपल्याच उरलेल्या जागेत घरं बांधली होती. ती सरकारी कागदात अनधिकृत, म्हणून नकाशात रिकामी जमीन. रस्त्याची रेषा नेमकी त्या रिकाम्या जमिनीवरून जात होती.

मी सरांना म्हटलं, "घरं मी आणते."

"कुठून?"

"मोजून."

"त्याचा वेळ धरलेला नाही आपण."

"रविवारी मोजेन. तुमचा वेळ घेणार नाही."

सरांनी खांदे उडवले. त्यांना वाटलं एक रविवार उन्हात फिरले की माझं खूळ उतरेल.

घराच्या बाहेरच्या कडा मी उपग्रहाच्या चित्रावरून गिरवल्या. पण वरून दिसतात ती छपरं. पत्रा भिंतीच्या किती बाहेर आलाय, दोन पत्र्यांच्या खाली एक घर आहे की तीन, मागचं बाथरूम घरात आहे की बाहेर, हे वरून कळत नाही. त्याला टेपच लागते आणि टेपचं दुसरं टोक धरायला माणूस. माझ्याबरोबर आली माझी आत्या. नवरा गेल्यापासून ती आमच्याच आळीच्या गावठाणाबाहेर वाढलेल्या टोकाला वेगळी राहायची, तरुणपणी मिठागरावर राबलेली, आवाज असा की पलीकडच्या आळीतलं कुत्रं उठून बसावं. तिला मी सांगितलं की गावाचं मॉडेल करायचंय. तिने विचारलं, "गणपतीच्या मखरासारखा?" मी म्हटलं, तसंच, पण कॉम्प्युटरात. "मंग चल," ती म्हणाली.

आत्याला मोजायची घाई फार. ती टेप भिंतीला लावायच्या आधीच आकडा ओरडायची. एका घरी तिने तुळशीचं वृंदावन धरून लांबी सांगितली, कारण "ते पण त्यांचाच हाय." मी मोजलेल्या कोपऱ्यांवर खडूने खूण करत होते, म्हणजे पुन्हा तीच भिंत मोजली जाऊ नये. आणि त्या खडूनेच भांडण ओढवलं.

दुसऱ्या रविवारी आम्ही आळीच्या टोकाला पोचलो तर तिथले म्हातारे तात्या ओल्या फडक्याने भिंतीवरची माझी खूण पुसत होते. मागच्या रविवारी त्यांची एकच भिंत मोजून झाली होती; ती पुसून झाली होती, आता शेजाऱ्याची पुसत होते. आमच्याकडे पाडापाडीच्या आधी भिंतींवर लाल रंगाने फुली मारून जातात. तात्यांच्या मागच्या स्वयंपाकघरावर अशीच फुली पडली होती आणि मग ते गेलं होतं.

"तात्या, तो खडू माझा आहे," मी म्हटलं.

"मना ठाव हाय कोनाचा हाय तो." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "मोजाला येतात, मागाहून तोडाला येतात. आमी बघितलाय. आता आपलीच पोरगी मोजाला लागली."

आजूबाजूच्या दारांतून बायका बाहेर आल्या. एक जण म्हणाली, खरंच आहे, हे कागद कुठे जाणार आहेत? दुसरी म्हणाली, हिच्या हापिसातच रस्त्याचं काम आहे म्हणे. मला राग आला. राग आला की माझा आवाज बारीक होतो, तसा झाला.

"तुमचं स्वयंपाकघर पाडलं तेव्हा कोणी मोजलं होतं का हो तात्या?"

फडकं हातात घेऊन ते वळले.

"नाही ना? न मोजताच पाडलं. नकाशात नव्हतंच ते. मशीनवाल्याला कागदात रिकामी जागा दिसत होती. आत चूल होती हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आपण लपून राहिलो म्हणून वाचलोय असं तुम्हाला वाटतं. त्यांना आपण दिसतच नाही, म्हणून ते आपल्यावरून रेषा ओढतात."

"तू नोकर त्यांची," तात्या म्हणाले. "जा. माझा घर नाय मोजाचा."

"नाही मोजत," मी म्हटलं. "पण बाकीची मोजणार."

आत्या मध्ये पडली नाही. एरवी ती सगळ्यात मध्ये पडते. तिने फक्त टेपचं टोक पुढच्या घराच्या कोपऱ्याला लावलं आणि माझी वाट बघत उभी राहिली. त्या घरातली सून थोडा वेळ घुटमळली आणि मग म्हणाली, "या, मागून मोजा. पुढे पापड वाळत घातलेत."

काही घरांनी दारं लावून घेतली. पुढच्या रविवारी त्यातली काही उघडली. तात्यांचं उघडलं नाही. मी त्यांच्या घराची बाहेरची रेषा उपग्रहाच्या चित्रावरून ठेवली आणि उंची दिली नाही. मॉडेलमध्ये ते जमिनीवर पडलेल्या चटईसारखं दिसायचं. अंदाजाने उंची टाकता आली असती. पण त्यांनी नाही म्हटलं होतं आणि नाही म्हणजे नाही, हे मलाही कोणीतरी ऐकलेलं आवडलं असतं.

मग एके दिवशी ती घरं ऑफिसच्या मॉडेलमध्ये नेली. सगळा नकाशा जितका सरकवला होता, तितकीच घरंही सरकवली, एक क्लिक केलं आणि राखाडी तुकड्याच्या जागी आणि त्याच्या भोवती गाव उभं राहिलं. वाकड्यातिकड्या आळ्या, एकाला एक टेकलेली घरं, मारुतीच्या देवळाचा कळस, शाळेचं लांबट छप्पर. मी कॅमेरा खाली आणून आमच्या आळीत उभा केला आणि रस्त्याची लेयर, म्हणजे नकाशावरचा वेगळा थर, चालू केली. डांबरी पट्टा आत्याच्या घरापुढच्या ओटीवरून आत शिरला, शेजारच्या दोन घरांच्या मधून गेला आणि शाळेच्या भिंतीला घासून बाहेर पडला. सर मागे येऊन उभे राहिले होते.

"ही वेगळ्या लेयरवर ठेवली आहेस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं."

ते 'बरं' मला आवडलं नाही.

सादरीकरण खारघरला होतं, काचेच्या इमारतीत. लांब टेबल, पाण्याच्या छोट्या बाटल्या. सल्लागार साहेब पुण्याकडचे असावेत, बोलणं मऊ, शर्ट कडक. सरांनी मला मॉडेल फिरवायला बसवलं होतं. टॉवर झाले, बाग झाली, चौक झाला. मग मी गावाकडे वळले.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"गाव आहे."

"हे आपल्या बेस मॅपमध्ये नव्हतं."

"नव्हतं. आता आहे."

"थोडं क्लटर वाटतंय. ही लेयर बंद करा ना जरा. रस्त्याची अलाइनमेंट नीट दिसू दे."

मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "बंद करता येते," मी म्हटलं. "मी करणार नाही."

साहेब सरांकडे वळले, जणू मी तिथे नव्हतेच. "यांना प्रॉब्लेम काय आहे?"

"प्रॉब्लेम मला विचारा," मी म्हटलं. "मी इथेच बसलेय. तुमचा रस्ता लोकांच्या घरांतून जातोय. हे पहिलं घर माझ्या आत्याचं. तिच्या ओटीवर तुमचा फुटपाथ आहे."

"ती स्ट्रक्चर्स अधिकृत आहेत का?"

"माणसं राहतात त्यात. मी स्वतः मोजलीत."

"आणि हे?" त्यांनी तात्यांच्या घराकडे, त्या चटईकडे बोट केलं. "इथे तर काहीच नाहीये."

"घर आहे. मालकाने मोजू दिलं नाही. त्यांना वाटलं मी तुमच्याकडून आलेय."

सरांनी हात पुढे केला, माऊस आपल्याकडे ओढला आणि लेयर बंद केली. गाव गेलं. पडद्यावर मोकळी तपकिरी जमीन आणि तिच्यावरून जाणारा गुळगुळीत रस्ता. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी उठले, ओढणी नीट केली आणि बाहेर आले. रडायला येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. लिफ्टची वाट न बघता जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले ती राजीनामा द्यायलाच. सर म्हणाले, "तू माझी अडचण समजून घे. दोन माणसांचे पगार या कामावर आहेत."

"समजते," मी म्हटलं. "तुमचा नकाशा तुमच्याकडे राहू दे. त्यातली एक रेषही मी नेणार नाही. घरं माझी आहेत, ती मी नेतेय. आणि रस्त्याची आखणी आता सरकारी ऑफिसात लोकांच्या हरकतींसाठी लावली आहे, ती कोणालाही बघता येते. ती मी तिकडून घेईन."

सर मग म्हणाले, "पेन ड्राइव्ह आहे का? नसेल तर ड्रॉवरमध्ये आहे." तो मी घेतला. आभार मानले नाहीत. आता वाटतं, मानायला हवे होते असंही नाही.

घरी वडील चिडले. आई म्हणाली, सोडलीस ती सोडलीस, आता पुढचं बघ. पुढचं म्हणजे गावच्या शाळेत एक संध्याकाळ. शाळेच्या बाईंनी प्रोजेक्टर लावून दिला, भिंतीवर चादर ताणली. लोक आले ते बहुतेक मला ऐकवायला आले होते. मी भाषण केलं नाही. आळीच्या तोंडापासून कॅमेरा चालवत आत नेला.

आधी मुलांनी ओळखलं. मग बायकांनी. "आमचा मोरीचा पत्रा बघ, केवढा बाहेर आलाय." "हे तुमचं." "हे तर वाकडंच काढलंय." कोणीतरी म्हणालं वाकडं काढलं नाही, वाकडंच बांधलंय, आणि हशा पिकला. मग मी रस्ता चालू केला आणि हशा थांबला. आत्या पहिल्या रांगेत होती. तिची ओटी पट्ट्याखाली गेली तेव्हा ती उठून चादरीजवळ गेली आणि तिथे बोट ठेवून बघत राहिली.

मागून तात्यांचा आवाज आला. "माझा घर कुठं हाय?"

"ते खाली पडलेलं आहे तात्या. तुम्ही मोजू दिलं नाही."

"त्याच्यावरनं पण जातंय काय ह्यो रस्ता?"

"अर्ध्यावरून."

ते निघून गेले. सकाळी मी बाहेर आले तर तात्या आपल्या दारात उभे होते. म्हणाले, "ये. पन खडू नको." मी खडू नेला नाही. त्यांनी स्वतः टेपचं टोक धरलं आणि पाडलेल्या स्वयंपाकघराचं जोतं कुठवर होतं, तेही दाखवलं. "ह्यो पन काढ," ते म्हणाले. मी सांगितलं की जे उभं आहे तेच काढते. ते चिडले, पण टेप सोडली नाही.

हरकतींच्या सुनावणीला अर्ध्याहून जास्त गाव पनवेलला गेलं. प्रत्येकाच्या हातात आपल्या घराचं चित्र आणि त्यावरून जाणारा रस्ता. अधिकारी बाईंनी आधी म्हटलं की सगळ्यांनी एकच अर्ज द्या. आत्या म्हणाली, "सगल्यांचा घर एक हाय काय?" मग त्या एकेक चित्र बघत गेल्या. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन उभी होते आणि त्यांनी विचारलं की मॉडेल फिरवून दाखवत होते. एकदा त्यांनीही विचारलं, ही घरं अधिकृत आहेत का. तात्या म्हणाले, "आमी हाव ना अधिकृत. घर कुठं ठेवाचा मंग?"

रस्ता झाला. नाल्याच्या बाजूला बराच सरकवून झाला. आमच्यामुळे सरकला की नाल्याकडची जमीन त्यांना नंतर सोयीची वाटली, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. शाळेची भिंत वाचली, तात्यांचं घर वाचलं. आत्याची ओटी गेली. पूर्ण वाचवता आली नाही. मशीन आलं त्या दिवशी आत्या घरातच बसून राहिली, दार उघडं ठेवून, म्हणजे चालवणाऱ्याला आत माणूस दिसावं. त्याने फार जपून काम केलं असं ती नंतर सांगायची. आता तिच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की फुटपाथ लागतो. ती त्यावर खुर्ची टाकून बसते. महापालिकेच्या माणसाने एकदा खुर्ची हलवायला सांगितली. तिने त्याला बसायला दुसरी खुर्ची आणून दिली.

मी परत नोकरी केली नाही. नवीन पनवेलला एक खोली घेतली आणि हेच काम स्वतःचं सुरू केलं. आसपासच्या गावांतून, ओवे गावाकडून, पार उरणच्या बाजूने लोक यायला लागले. आमचंही गाव काढून द्या म्हणायचे. त्यांना मी एकच गोष्ट आधी सांगायचे, टेप धरायला घरातलंच माणूस पाहिजे.

आणि मग माझा चुलत काका आला. त्याने बसल्या बसल्या सांगितलं, "माझ्या घरावर एक मजला जास्त दाखव. बांधाचाच हाय पुढच्या वर्षी."

"बांधलास की दाखवते."

"कोन बघाला येतंय गो?"

"मी बघतेय ना."

"तू आपली की त्यांची?" त्याने विचारलं. तात्यांनंतर हा प्रश्न मला बऱ्याच वर्षांनी कोणी विचारला होता.

"आपली आहे म्हणून नाही म्हणते, काका. तुझा एक मजला खोटा निघाला तर ते म्हणतील सगळं गावच खोटं काढलंय. मग तात्यांचं घर कोण खरं मानेल?"

तो चहा न घेता उठला. वर्षभर बोलला नाही. लग्नाकार्यात समोर आला तर मान फिरवायचा. काकी लपूनछपून बोलायची. मीही गेले नाही त्याची समजूत काढायला.

मग त्याच्या मुलीची हळद ठरली आणि तो स्वतः बोलवायला आला. दारातच उभा राहून म्हणाला, "मजला झाला. स्लॅब पडला मागच्या महिन्यात."

"हळदीला येते," मी म्हटलं. "तेव्हाच वर चढून बघते."

"बघ," तो म्हणाला. "नाचाला पन ये. नुसती मोजाला नको."